मुंबई दर्शन आणि न मोजलेल्या चिमण्या

स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना ग्रुपवर सगळ्यात आधी आला तो आपल्या नववीच्या सहलीचा. डिसेंबर १९९४, गेट वे ऑफ इंडिया. मुलं पुढे उकिडवी बसलेली, मुलींच्या वेण्यांना लाल रिबिनी. मी दुसऱ्या रांगेत आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत. त्या दिवशी मी एका महत्त्वाच्या जागीसुद्धा डोळे मिटूनच होते. त्याबद्दल लिहायचं आहे.

आदल्या रात्री आपण एसटीने निघालो. तात्या, म्हणजे माझे वडील, स्टँडवर सोडायला आले होते. खिडकीशी येऊन म्हणाले, "दादरवरनं भायखळ्याला जाताना परळ-लालबाग लागंल. तितं चिमण्या मोज. किती हायत्या ते आल्यावर सांग." शेजारच्या मैत्रिणीला वाटलं, पक्षी मोजायचेत. घाटभर ती मला चिडवत होती.

पहाटे दादरला एका शाळेत तोंड धुतलं, चहा-बिस्किटं झाली आणि गाडी राणीच्या बागेकडे निघाली. रात्रभर अंताक्षरी खेळलेली मी खिडकीला डोकं टेकून झोपले. जाग आली ती बागेच्या फाटकाशी. परळ-लालबाग मागे गेलं होतं.

पुढचा दिवस तुम्हाला आठवत असेल. राणीच्या बागेतला, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. त्याच्या शेजारचं, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं आणि आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं संग्रहालय. मग व्हीटी. त्या वेळी ते व्हीटीच होतं. सरांनी गाडी थांबवून सांगितलं होतं, की एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी याचा आराखडा केला, १८७८ साली काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्याआधी १६ एप्रिल १८५३ रोजी इथूनच, बोरीबंदरातून, पहिली गाडी ठाण्याला गेली. आपल्याला जास्त नवल लोकलच्या गर्दीचं वाटलं.

नंतर हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, म्युझियम, गेट वे. दुपारी मरीन ड्राइव्ह, तारापोरवाला मत्स्यालय, चौपाटीवर भेळ, हँगिंग गार्डन. संध्याकाळी वरळीचा समुद्र, आणि परत गाडी.

घरी पोचल्यावर तात्यांनी विचारलं, "मोजल्या का?" झोपले होते हे सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "वीस-बावीस होत्या." आणि खरं वाटावं म्हणून वर जोडलं, "तुमच्या गिरणीतनं धूर पण येत होता." ते "बरं" म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. त्यांची गिरणी त्याआधी कित्येक वर्षांपासून बंद होती, हे मला ठाऊक नव्हतं.

इंजिनीअरिंग झालं, नोकरी लागली, आणि २००९ मध्ये माझ्या कंपनीचं ऑफिस लोअर परळला आलं. एका जुन्या गिरणीच्या आवारातच. तेव्हापासून फावल्या वेळात या भागाबद्दल वाचत गेले आणि आपल्या सहलीचा रस्ता मला वेगळा दिसू लागला.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. ताडदेवला १८५६ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या. या तेजीत श्रीमंत झालेले आणि मग बुडालेले व्यापारी म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला तो राजाबाई टॉवर. १८७८ मध्ये पूर्ण झाला. आपण माना वर करून बघितलेलं ते घड्याळ कापसाच्या पैशातलं होतं.

गिरण्या वाढल्या तशी माणसं लागली. ती आली कोकणातून आणि आपल्या सातारा भागातून. आपल्याकडे पावसाच्या भरवशावरची तुकड्यातुकड्यांची जमीन. एक भाऊ शेतावर, एक गिरणीत, अशी घरं चालली. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत गावकीची दहा-पंधरा माणसं राहायची. एका पाळीची उठली की दुसऱ्या पाळीची त्याच जागेवर पथारी टाकायची. जेवण खानावळीत. तात्या १९७१ मध्ये असेच आले, आधी बदली म्हणून आणि मग साचेखात्यात कायम झाले.

आपली सहल रविवारी होती. गिरणी कामगारांना हक्काचा रविवार मिळाला तो १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे. महात्मा फुल्यांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली होती. तोवर वेगळी सुट्टी नव्हती, सणवारी गिरणी बंद राहील तेवढीच.

हुतात्मा चौकातलं शिल्पही आता नीट बघते. मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांत गिरणी कामगार बरेच होते. आपण तिथे गाडीतून उतरलोही नव्हतो.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या, आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार एकाच संघटनेला मिळालेली मान्यता काढण्याचीही होती. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या कमी माणसांवर पुन्हा चालू झाल्या, काही झाल्या नाहीत. आम्ही १९८३ मध्ये खोली सोडून गावी आलो. मी तीन वर्षांची होते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ 'परळ, मुंबई' आहे. आपल्या वर्गात असे आणखी पाच जण होते. त्याचं कारण आपण कधी एकमेकांना विचारलं नाही.

गिरण्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं, ते माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतं. १९९१ च्या नियमानुसार जमीन विकसित करताना तिचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. पहिले दोन वाटे फार लहान झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. काचेचे मनोरे त्यातून उभे राहिले. त्यातल्याच एकात बसून मी कोड लिहिते, आणि माझ्या पगारावर आमचं गावचं घर झालं. त्यामुळे तक्रार नेमकी कुणाकडे करायची, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

ऑफिस नव्या जागी आल्याच्या पहिल्या आठवड्यात तात्यांना फोन करून जागा सांगितली. त्यांची गिरणी नव्हे, पण दोन रस्त्यांपलीकडची. ते म्हणाले, "चिमणी हाय का?" मी खिडकीशी गेले. एक होती, राखून ठेवलेली. "आहे, एक." पलीकडे जरा थांबून तात्या म्हणाले, "धूर येतोय का?" आणि हसले. पंधरा वर्षं त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. मग मी झोपल्याचं कबूल केलं.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. तात्यांचाही अर्ज आहे. १ जानेवारी १९८२ ला कामावर असल्याचा पुरावा लागतो. त्यांनी हजेरीचं तिकीट पत्र्याच्या पेटीत जपलं होतं, म्हणून जमलं. नाव अजून लागलेलं नाही. सोडत निघाली की ते यादी बघायला सांगतात, आणि मी बघते.

मेळाव्यानंतर पुन्हा एकदा मुंबई दर्शन करायचं असं ग्रुपवर ठरतंय. माझी सूचना एवढीच, की या वेळी रविवारी सकाळी लालबागला उतरून परळपर्यंत चालत जाऊ. चिमण्या मोजायला वेळ लागणार नाही, थोड्याच उरल्यात. आणि ज्यांच्या दाखल्यावर मुंबई लिहिलंय त्या पाच जणांनी घरी विचारून यावं: गिरणी कोणती, खातं कोणतं, खोली कुठे होती. ज्यांचे वडील आहेत त्यांनी लवकर विचारावं. तात्या आता पंच्याहत्तरीला आलेत. त्यांना गाडीत पुढची सीट ठेवायची आहे.