निराधार असल्याचा दाखला

मामू गेल्यावर त्यांची पेटी उघडली. तिच्यात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. रेशनकार्डाच्या झेरॉक्स, उत्पन्नाचे दोन जुने दाखले, सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि एक नामंजूर अर्ज. प्रमाणपत्रावर आकडा होता : ४५ टक्के.

लहानपणीच्या पोलिओनं मामूंचा डावा पाय गेला होता. एसटी स्टँडजवळ त्यांची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. २०१० साली कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. एकेका पायरीवर बसत, हातांनी अंग वर ओढत ते चढले. मी तेव्हा बरोबर होतो. वरच्या माणसानं कागद पाहिले आणि साधा प्रश्न विचारला, "तुमचं तर दुकान आहे. मग तुम्ही निराधार कसे?"

त्या वेळी अट होती कुटुंबाच्या वार्षिक २१ हजार रुपये उत्पन्नाची, म्हणजे महिन्याला १,७५०. टपरीवर मामूंना त्याहून थोडं जास्त सुटायचं. अर्ज नामंजूर झाला. महिन्याचे ६०० रुपये मिळाले नाहीत. खाली उतरल्यावर मामू एवढंच म्हणाले, "हक का है तो देओ, खैरात है तो रहने देओ."

हक की खैरात, हा प्रश्न मामूंचा एकट्याचा नव्हता. आपल्या देशातल्या अपंगांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात तो सारखा पुढे येतो. आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या मोजणीत अडकलेलं दिसतं.

सुरुवात शिरगणतीपासून करू. १८७२ पासून १९३१ पर्यंत इंग्रजांनी दर जनगणनेत आंधळे, बहिरे-मुके, कुष्ठरोगी आणि वेडसर यांची नोंद केली. ती व्यंगांची यादी होती. त्या यादीवरून कुणाला काही द्यायचं, असा विचार तिच्यामागे नव्हता. १९४१ पासून तीही बंद पडली. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या अवस्थांत शासनानं आपल्या आर्थिक कुवतीनुसार साहाय्य करावं, असं अनुच्छेद ४१ मध्ये लिहिलं गेलं. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. १९५१, १९६१ आणि १९७१ च्या जनगणनांनी अपंगांची गणतीच केली नाही. ज्यांची संख्या माहीत नाही, त्यांच्यासाठी तरतूद करायची कशी, आणि किती?

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा जनगणनेत हा प्रश्न परत आला. पण तो पूर्ण अंध, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके यांच्यापुरता होता. उत्तर आलं, सुमारे ११ लाख. एवढ्या मोठ्या देशात एवढेच! १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गाळला गेला.

याच काळात महाराष्ट्रात एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९८० साली बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. ज्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं अशा विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी आणि अपंग माणसांच्या हातात सरकारनं दर महिन्याला रोख रक्कम ठेवायची, ही कल्पना त्या काळी मोठीच होती. तिच्या आधारावर या राज्यात लाखो चुली पेटल्या. अंतुल्यांवर टीका करणाऱ्यांनाही हे नाकारता येणार नाही.

पण योजनेच्या नावातच तिची मर्यादा होती. अपंग माणसाला मदत मिळणार होती ती अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी नाही, तर तो निराधार आहे म्हणून. मामूंना कॅलिपर लागायचा, दुरुस्त करावा लागायचा. धडधाकट माणूस चालत जाईल तिथं त्यांना रिक्षा लागायची. हा खर्च कमाई असली म्हणून संपत नाही. उलट, कमावण्यासाठीच तो करावा लागतो. तरी योजनेचा हिशेब असा की, हात हलवले तर दार बंद आणि हात पसरले तर उघडं.

हा हिशेब बदलायला हवा, असं म्हणणारी माणसं १९९० च्या दशकात रस्त्यावर उतरली. त्यांत पुढे होते जावेद आबिदी. जन्म १९६५, अलीगढचा. जन्मतः मणक्याचा विकार, पुढे व्हीलचेअर. अमेरिकेत पत्रकारिता शिकून ते परत आले, आणि आपल्याला दयेची नाही, कायद्याची गरज आहे, हे त्यांनी धरून ठेवलं. १९ डिसेंबर १९९५ रोजी दिल्लीत अपंगांनी निदर्शनं केली. अधिवेशन संपत आलं होतं. तीनच दिवसांत, २२ डिसेंबरला संसदेनं अपंग व्यक्तींच्या समान संधी आणि हक्क संरक्षणाचं विधेयक मंजूर केलं. ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा लागू झाला. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण आलं. 'हक्क' हा शब्द अपंगांच्या नावापुढे पहिल्यांदाच केंद्रीय कायद्यात बसला.

त्याबरोबर टक्केवारीही आली. या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आणि लाभासाठी किमान ४० टक्के अपंगत्व डॉक्टरांनी प्रमाणित करायचं होतं. आबिदींच्याच याचिकेवर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं विमानभाड्यात हालचालीचं अपंगत्व असलेल्यांना सवलत द्यायला सांगितलं, तेही ८० टक्के आणि त्याहून जास्त असलेल्यांनाच. आजही केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड लागतं. २००९ मध्ये ही योजना सुरू झाली. २०१२ पासून तिच्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. एवढ्या वर्षांत महागाई कुठून कुठं गेली, हा आकडा तिथंच आहे. मामूंचे ४५ टक्के राज्याच्या दारात चालले, पण उत्पन्नात अडले. केंद्राच्या दारात ते टक्क्यांतच अडले असते.

२००१ च्या जनगणनेतही अपंगांचा प्रश्न सुरुवातीला नव्हता. संघटनांनी आंदोलन केलं, आबिदी त्यातही होते, आणि प्रश्न घातला गेला. आकडा आला २ कोटी १९ लाख. २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख, त्यांतले सुमारे २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रात. कुठे १९८१ चे ११ लाख आणि कुठे हे. माणसं तीच होती, विचारणारे बदलले.

पुढे भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क कराराला मान्यता दिली. त्याला धरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला. प्रकार ७ वरून २१ झाले, नोकरीतलं आरक्षण ४ टक्के झालं. या कायद्यातलं कलम २४ प्रत्येक अपंगाच्या घरात माहीत असायला हवं. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंग व्यक्तीला मिळणारी मदत ही तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे, असं ते सांगतं. म्हणजे, अपंग माणसाचं जगणं जास्त खर्चाचं असतं, हे कायद्यानं मान्य केलं. मामूंची रिक्षा आणि कॅलिपर कायद्यात पोचले, म्हणा ना.

आता महाराष्ट्राचा हिशेब पाहा. २०२३ मध्ये निराधार योजनेची रक्कम १,५०० रुपये झाली. विधवेला, आजाऱ्याला, अपंगाला, सगळ्यांना सारखीच. २५ टक्के जास्त धरले तर अपंगांना १,८७५ मिळायला हवे होते. मिळाले नाहीत. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी मोझरीला अन्नत्याग केला. त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिना ६,००० रुपये ही एक होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यानं दिव्यांगांची रक्कम २,५०० केली. कायदा होऊन नऊ वर्षं झाल्यावर इतरांपेक्षा जास्त रक्कम अपंगांच्या वाट्याला आली.

रक्कम वाढली याचा आनंद आहेच. पण उत्पन्नाची अट अजून आहे. दिव्यांगांसाठी ती वर्षाला ५० हजार, म्हणजे कुटुंबाला महिन्याला चार हजार शंभर-दोनशे. घरातलं एक पोर मजुरीला लागलं की ती ओलांडली. आणि खरं सांगायचं तर कायद्यानंच ही फट ठेवली आहे. निवृत्तिवेतनाला उत्पन्नमर्यादा घालायची मुभा आणि 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द कलम २४ मध्येच आहेत. अनुच्छेद ४१ मधली कुवत इथंही आपल्यामागे आली. एका हातानं हक्क दिला, आणि दुसऱ्या हातात खैरातीची मोजपट्टी राहू दिली.

जावेद आबिदी ४ मार्च २०१८ ला गेले. त्यांनी जे मिळवलं ते अर्ज करून नाही, आधी मोजून घ्यायला भाग पाडून आणि मग कायद्यात नाव घालून. उरलेलं काम उत्पन्नाच्या अटीचं आहे. ती अट काढा, निदान अपंगत्वाच्या जादा खर्चापुरती तरी काढा, असं मागणं आपल्या मोहल्ल्यांतून, जमातींच्या बैठकांतून, ग्रामसभांतून गेलं पाहिजे. रमजानमध्ये अपंग नातेवाइकाला ज़कात पोचवतो तेव्हा आपलं मन हलकं होतं. त्याच हातानं त्याचा स्वावलंबन पोर्टलवरचा फॉर्मही भरून द्यावा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नसेल, तर तो पुढच्या मोजणीतून पुन्हा सुटेल.

मामूंची पिशवी मी टाकलेली नाही. नात्यातल्या एका मुलीला ऐकू येत नाही. तिचे कागद करायला पुढच्या आठवड्यात जायचंय. ती शिवणकाम करते, चार पैसे मिळवते. समोरच्या खुर्चीतून तोच प्रश्न येईल, हे मला माहीत आहे. या वेळी मी कलम २४ ची झेरॉक्स बरोबर नेणार आहे.