ऑक्सिजनचा बदललेला वाटा : लिथियम-आयन घटांच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :
पुनर्भारणक्षम विद्युत् घटांचा इतिहास बहुधा धातूंच्या नावांनी सांगितला जातो. धातू इलेक्ट्रॉन देतो-घेतो आणि ऑक्सिजन केवळ स्फटिकाचा सांगाडा उभा ठेवतो, अशी ती मांडणी होय. ही समजूत कशी ढळली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रूढ मांडणी :
१९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे कोइची मिझुशिमा, जॉन गुडइनफ व सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धन विद्युतअग्र पुढे आणले; १९९१ मध्ये सोनी कंपनीने त्यावर आधारित घट बाजारात आणला. घट भारित होताना लिथियम आयन बाहेर पडतात व कोबाल्टची संयुजा तीनवरून चारकडे जाते, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण. १९९८ मध्ये गेरब्रँड सेडर व सहकाऱ्यांनी मात्र सैद्धांतिक गणनेच्या आधारे या देवघेवीत ऑक्सिजनचाही वाटा असल्याचे दाखविले.

हिशेबातील तफावत :
लिथियम व मँगॅनीज यांच्या एका ऑक्साइडात मँगॅनीजची संयुजा मुळातच चार असते. ती आणखी वाढणे कठीण, म्हणून हा पदार्थ निष्क्रिय मानला जाई. १९९९ मध्ये तमिळनाडूतील कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेतील पी. कल्याणी व सहकाऱ्यांनी तो भारित होऊ शकतो, असे दाखविले. मग इलेक्ट्रॉन दिले कोणी? लिथियमसमृद्ध मिश्र ऑक्साइडांतही हाच प्रश्न उभा राहिला. २००२ मध्ये कॅनडातील झोंगहुआ लू व जेफ डान यांनी अशा ऑक्साइडांतून ऑक्सिजन निसटत असावा, असे प्रतिपादन केले. २००६ मध्ये पीटर ब्रूस यांच्या गटाने तो वायू प्रत्यक्ष टिपला.

निसटलेला ऑक्सिजन परत येत नाही. तो क्षमतेची हानीच ठरतो. म्हणून २०१३ मधील फ्रान्समधील संशोधन महत्त्वाचे. एम. सत्या, झाँ-मारी तारास्काँ व सहकाऱ्यांनी रुथेनियम व कथिलयुक्त ऑक्साइडात ऑक्सिजन स्फटिकातच राहून इलेक्ट्रॉन देतो व परत घेतो, असे दाखविले. २०१६ मध्ये सेडर व ब्रूस यांच्या गटांनी त्याचे कारण स्पष्ट केले : लिथियमने वेढलेल्या ऑक्सिजनचे काही इलेक्ट्रॉन धातूशी बंधात गुंतलेले नसतात व ते सहज सुटतात. २०२० मध्ये ब्रूस यांच्या गटाने काही पदार्थांत ऑक्सिजनचे रेणू स्फटिकातील पोकळ्यांत अडकून राहतात, असे दाखविले. या पुनर्रचनेमुळे पहिल्याच आवर्तनात घटाचे विभवांतर खालावते.

निष्कर्ष :
जो ऑक्सिजन अधिक क्षमता देतो, तोच रचना विस्कटवतो. महागड्या कोबाल्टला पर्याय शोधण्याची वाट येथेच अडते. या इतिहासाचे श्रेय एकाच शोधाला देता येणार नाही. प्रचलित सिद्धांतात न बसणारे मोजमाप चूक म्हणून बाजूला सारले गेले नाही, हे त्याचे खरे मर्म. आपल्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांनाही अपेक्षेबाहेरची नोंद खोडू नये, तर जपावी, हेच शिकविणे अगत्याचे आहे.