शाहजादा दानियालाची बंदूक

जहांगीर बादशहाचें आत्मवृत्त हातीं घेणारे बहुतेक अभ्यासक मोहिमा, नाणीं व पशुपक्षी यांच्या नोंदी टिपून घेतात. आम्ही येथें त्यांतील मद्याच्या नोंदी पाहूं इच्छितों. कारण घराण्याचें दुखणें त्याच घराण्यांतील पुरुषानें इतकें उघडपणें लिहिल्याचें उदाहरण विरळा.

अकबराचे तीन पुत्र वयांत आले. त्यांपैकीं मुराद हा 1599 सालीं दक्षिणेच्या स्वारींत, दौलताबादेकडील मुलुखांत पूर्णेच्या कांठीं, अतिपानानें खंगून मेला. त्याच्या जागीं दानियाल आला. 1600 सालीं अहमदनगर पडलें तें याच्याच हाताखालीं. पुढें बऱ्हाणपुरास राहून तोही पेल्याच्या आधीन झाला. बापानें निषेधाचीं फर्मानें धाडलीं. सासरा खानखानान अब्दुर्रहीम यानें पहारे बसविले. तेव्हां शाहजादा सेवकांपुढें अक्षरशः रडला. अखेर मुर्शिद कुली नांवाच्या बंदुकवाल्यानें धन्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळींत दुबार गाळलेला अर्क भरून आणला. या बंदुकीस दानियालानेंच 'यका व जनाजा' म्हणजे एक बार आणि तिरडी, असें नांव दिलें होतें. मराठींतील 'दारू' शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका नळींत भेटले! अर्कांत लोखंडाचा गंज उतरला व तो पितांच शाहजादा कोसळला, असें जहांगीर लिहितो. हें हिजरी 1013 सालीं घडलें, वय तेहतिसावें.

गंजाची ही उपपत्ति आम्हांस पटत नाहीं. वर्षानुवर्षें पोखरलेल्या देहास शेवटचा पेला निमित्तमात्र झाला असावा. परंतु गंज पुढें केला कीं दोष चाकराच्या माथीं मारतां येतो. खुद्द जहांगीर अठराव्या वर्षीं पिऊं लागला व वीस पेल्यांपर्यंत गेला: चौदा दिवसां, उरलेले रात्रीं. हात इतका कांपे कीं पेला दुसऱ्यानें तोंडास लावावा लागे. हकीम हुमामानें सहा महिन्यांची मुदत सांगितली, तेव्हां सात वर्षें झटून त्यानें तें प्रमाण सहा पेल्यांवर आणलें. हिजरी 1016 चा त्याचा यशबी पेला आज संग्रहालयांत आहे. त्याच्या घडणावळीचें कौतुक करणाऱ्या संग्राहकांनीं हे आंकडे शेजारीं ठेवावे.

जहांगीराचा मुलगा परवीझ 1626 सालीं मद्यानेंच मेला, तोही बऱ्हाणपुरास.

दानियालाच्या मृत्यूच्या वृत्तांतांत बंदुकीचें नांव आहे. विधवा जानान बेगमेचें नाहीं. त्याचीं पोरकीं मुलें चुलत्याच्या दरबारीं वाढलीं. त्यांतील तहमूरस व होशंग यांस 1628 सालीं, शाहजहानाच्या राज्यारोहणाच्या वेळीं, त्याच्या हुकुमानें लाहोरास ठार करण्यांत आलें.