आईची शंका आणि कागदाची पट्टी



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो बाहेरून पाहतां अगदीं क्षुल्लक वाटेल. बोटभर लांबीची कागदाची पट्टी; ती मूत्रांत बुडवावयाची किंवा तिच्यावर रक्ताचा थेंब सोडावयाचा, आणि रंग पालटतो कीं नाहीं हें पाहावयाचें, एवढाच तो विषय. साखर पाहण्याची अशी पट्टी आतां पुष्कळ घरांतून सांपडते. परंतु साखरेप्रमाणेंच शरीरांतील ॲमिनो आम्लेंहि कागदावर ओळखतां यावींत म्हणून जी खटपट झाली, तिचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं. त्या इतिहासाच्या मुळाशीं नॉर्वे देशांतील एक आई आणि बुद्धीची वाढ खुंटलेलीं तिचीं दोन मुलें आहेत.

मूत्रावरून रोग ओळखण्याची विद्या जुनी आहे. आपल्या चरक-सुश्रुतांनीं मधुमेहाचें मूत्र मधुर असतें हें नोंदून ठेविलें आहे, आणि त्याकडे मुंग्या धांवतात हेंहि जुन्या वैद्यांस ठाऊक होतें. इंग्लंडांत टॉमस विलिस यानें इ. स. १६७४ सालीं तें चाखून गोड असल्याचें लिहिलें. जिभेनें किंवा मुंगीनें दिलेली ही साक्ष खोटी नसे. पण ती उशिराची असे. रोग बळावल्यावर ती मिळावयाची. आजच्या कथेंत हा ‘उशीर’ शब्द वारंवार येणार आहे.

बोर्गनी एगेलंड हें त्या आईचें नांव. तिची मुलगी लीव १९२७ सालीं जन्मली आणि मुलगा डाग १९३० सालीं. दोन्ही मुलें जन्मतः धडधाकट दिसत होतीं. परंतु लीव फार उशिरां चालूं लागली आणि चार-दोन शब्दांपलीकडे तिचें बोलणें गेलें नाहीं. डागची अवस्था तर त्याहून वाईट. या मुलांच्या अंगाला आणि कपड्यांना एक चमत्कारिक कुबट वास सदैव येत असे. स्वच्छ ठेवूनहि तो जाईना. ती माउली एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आणि प्रत्येकास तिनें एकच प्रश्न विचारला : मुलांच्या या वासाचा आणि त्यांच्या मंद बुद्धीचा कांहीं संबंध आहे काय? कोणाजवळ उत्तर नव्हतें. वर्षांमागून वर्षें हा प्रश्न तिनें सोडला नाहीं, हेंच मला या सगळ्या इतिहासांतील पहिलें संशोधन वाटतें.

अखेर १९३४ सालीं ऑस्लो येथील डॉक्टर ॲस्ब्यर्न फोलिंग यांच्यापुढें हीं मुलें आलीं. योग असा, कीं फोलिंग हे नुसते वैद्य नव्हते; वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनीं रसायनशास्त्राचा रीतसर अभ्यास केला होता. मूत्रांत किटोन द्रव्यें आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांनीं नेहमींच्या रिवाजाप्रमाणें त्यांत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. किटोन असतील तर लालसर-जांभळा रंग यावयाचा, नसतील तर द्रावण तपकिरी राहावयाचें. येथें तें गडद हिरवें झालें, आणि थोड्या वेळानें तो हिरवा रंग विरून गेला.

जुन्या पिढींतील श्रोत्यांना येथें आपल्या घरची शाई आठवेल. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घातला म्हणजे काळी शाई तयार होई. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरड्यांतील तुरट द्रव्याशीं त्याची गांठ पडली कीं रंग उमटतो. फोलिंगच्या परीक्षानळींत जें घडलें तें याच घराण्यांतलें होय. लोखंडाच्या क्षाराला मूत्रांत कोणीतरी अनोळखी सोबती भेटला होता. तो कोण, एवढाच प्रश्न.

मुलांना चालू असलेलीं सर्व औषधें फोलिंग यांनीं थांबवावयास लाविलीं, न जाणों त्यांतूनच रंग येत असेल. रंग तरीहि आलाच. मग आईनें भांडीं भरभरून मूत्र आणून द्यावें आणि डॉक्टरांनीं त्यांतून तें द्रव्य वेगळें काढावें, असा क्रम कित्येक आठवडे चालला. वीस लिटरांहून अधिक मूत्र त्यासाठीं लागलें. शेवटीं शुद्ध स्फटिक हातीं आले आणि ते फेनिलपायरुविक आम्लाचे ठरले. त्यानंतर फोलिंग यांनीं मंदबुद्धि रोग्यांच्या संस्थांतून ४३० जणांचें मूत्र तपासलें. त्यांत आणखी आठ जणांत तोच हिरवा रंग आढळला. एगेलंड भावंडें धरून दहा. त्याच वर्षीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढें या विकाराला फेनिलकीटोनुरिया हें नांव रूढ झालें.

आतां कारणाकडे वळूं. डाळ, दूध, अंडें, मांस यांतील प्रथिनें पचलीं म्हणजे त्यांचीं ॲमिनो आम्लें होतात. फेनिलॲलॅनीन हें त्यांपैकीं एक. निरोगी माणसाच्या यकृतांत एक एन्झाइम असतें, ज्यास मराठी परिभाषेंत विकर असें नांव आहे. तें फेनिलॲलॅनीनचें रूपांतर टायरोसीन या दुसऱ्या ॲमिनो आम्लांत करतें. या मुलांत तेंच निकामी असतें. द्रव्याला पुढील वाट मिळत नाहीं. तें रक्तांत सांचतें, त्यांतील कांहीं आडवाटेनें फेनिलपायरुविक आम्ल होऊन मूत्रावाटे जातें, आणि वाढत्या मेंदूला विषासारखें बाधतें. यकृतांतला हा दोष अमेरिकेंतील जॉर्ज जर्व्हिस यांनीं १९४७ ते १९५३ या काळांत दाखवून दिला. त्याच सुमारास इंग्लंडांत, बर्मिंगहॅम येथें, होर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिक्मन्स यांनीं फेनिलॲलॅनीन काढून टाकलेलें अन्न तयार केलें. तेथेंहि एका लहान मुलीची आईच डॉक्टरांच्या मागें लागली होती, कीं माझ्या मुलीसाठीं कांहींतरी करा. त्या आहारानें मुलगी सुधारूं लागली. मात्र मेंदूची जी हानि आधीं होऊन गेली होती, ती भरून निघाली नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. हा आहार जन्मानंतर पहिल्या कांहीं आठवड्यांच्या आंत सुरू झाला तर मूल इतर मुलांसारखें वाढतें. पुढें प्रत्येक महिना महाग पडतो. म्हणजे खरी निकड औषधाची नव्हती, वेळीं कळण्याची होती.

कागदाची पट्टी येथें पुढें आली. १९५६ सालीं अमेरिकेंत एल्कहार्ट या गांवीं ॲल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्यानें साखर दाखविणारी क्लिनिस्टिक्स ही पट्टी तयार केली. तत्पूर्वी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत मूत्राचे आठ थेंब टाकून तें दिव्यावर उकळावें लागे. तो विटकरी रंग पाहिलेले लोक अजूनहि असतील. फ्री दांपत्यानें कागदांतच दोन एन्झाइमें मुरविलीं. पहिलें फक्त ग्लुकोजवर चालतें आणि त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतें. दुसरें त्या पेरॉक्साइडच्या साह्यानें रंग उमटवितें. एन्झाइमाची ही निवडक वृत्ति समजावण्यासाठीं एमिल फिशर यानें १८९४ सालींच कुलूप-किल्लीचा दृष्टान्त दिला होता. ज्याचें कुलूप त्यालाच किल्ली. मूत्रांतल्या शेंकडों इतर द्रव्यांशीं तिला कर्तव्य नाहीं.

त्याच दशकाच्या अखेरीस त्याच गांवच्या एम्स कंपनीनें फेनिस्टिक्स नांवाची पट्टी विक्रीस आणली. मुलाच्या ओल्या लंगोटावर दाबली तरी तिचें काम होई. पण नांव सारखें म्हणून फसूं नये; या पट्टींत एन्झाइम नव्हतेंच. ती फोलिंगचीच जुनी कसोटी कागदावर वाळवून ठेवलेली होती, लोखंडाच्या क्षाराची. म्हणून तिच्यांत लोखंडाचे गुण आले तसे अवगुणहि आले. रोग्यानें ॲस्पिरिन घेतलें असलें तर ती जांभळी होई. आणि मुख्य दोष असा, कीं फेनिलपायरुविक आम्ल मूत्रांत उतरण्यापूर्वी रक्तांत फेनिलॲलॅनीन पुष्कळ सांचावें लागतें. त्याला कित्येकदां कांहीं आठवडे लागतात. पट्टी हिरवी झाली तेव्हां मेंदूला इजा पोंचूं लागलेली असे. पुन्हां तोच उशीर.

हा उशीर रॉबर्ट गथ्री यांनीं भरून काढला. बफेलो येथील हे जंतुशास्त्रज्ञ. त्यांचा एक मुलगा दुसऱ्या कारणानें मंदबुद्धि होता आणि एका भाचीला हाच विकार होता. १९६० च्या सुमारास त्यांनीं असें योजिलें, कीं तान्ह्या मुलाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यावा, वाळवावा आणि त्याचा बारीक तुकडा जंतूंच्या थाळींत ठेवावा. थाळींत जंतूंची वाढ रोखणारें द्रव्य घातलेलें असे; फेनिलॲलॅनीन अधिक असेल तरच त्या तुकड्याभोंवतीं जंतु वाढून कडें उमटे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत निकाल मिळूं लागला. पहिल्या मोठ्या प्रयोगांत चार लक्षांहून अधिक मुलें तपासलीं गेलीं आणि ३९ रोगी सांपडले. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें ही तपासणी कायद्यानें आवश्यक केली. वाळलेला थेंब पाकिटांत घालून टपालानें धाडतां येतो, ही साधी युक्ति माझ्या मतें जंतूंच्या कसोटीपेक्षांहि मोठी होय.

मग एन्झाइमाच्या पट्टीचें काय झालें? साखरेपेक्षां हें काम अवघड होतें. निरोगी मूत्रांत साखर जवळजवळ नसते, म्हणून रंग आला कीं रोग समजावा. परंतु फेनिलॲलॅनीन प्रत्येकाच्या रक्तांत असतेंच. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तांत तें सुमारें एक मिलिग्राम, तर या विकारांत उपचारावांचून वीसच्या वर. तेव्हां ‘आहे कीं नाहीं’ हें सांगून भागत नाहीं; ‘किती’ हें सांगावें लागतें. शिवाय नेमकी किल्लीहि हवी. कित्येक सापांच्या विषाला पिवळी छटा देणारें एक एन्झाइम ॲमिनो आम्लांवर चालतें आणि पेरॉक्साइड निर्माण करतें खरें, पण तें अनेक ॲमिनो आम्लांना सरसकट धरतें. १९८० नंतर कांहीं जंतूंत फेनिलॲलॅनीन डिहायड्रोजनेज हें एन्झाइम सांपडलें. तें फेनिलॲलॅनीनपासून हायड्रोजन काढून एका सहायक द्रव्याला देतें, तेथून तो रंजकाकडे पोंचतो, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळतें. त्यांतहि कांहीं जंतूंचें एन्झाइम टायरोसीनलाहि थोडें चाटतें, म्हणून निवड जपून करावी लागते. जें काम मुलाच्या यकृतास साधत नाहीं, त्याची साक्ष एका सूक्ष्म जंतूचें एन्झाइम परीक्षानळींत देतें, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

१९९० नंतर वस्तुमान मोजणारीं यंत्रें आलीं. एकाच वाळलेल्या थेंबांतून तीं डझनावारी विकार एकदम पाहतात, आणि नवजात मुलांच्या तपासणींत पट्टी मागें पडली. कित्येकांना वाटतें, पट्टीचा इतिहास येथें संपला. मला तसें वाटत नाहीं. ज्याचा रोग जन्मतःच ओळखला गेला, त्याला पुढें आयुष्यभर आहार मोजून घ्यावा लागतो आणि रक्त वारंवार तपासावें लागतें. तरुण स्त्री गरोदर राहिली तर तिच्या रक्तांतील वाढलेलें फेनिलॲलॅनीन पोटांतल्या निरोगी गर्भालाहि बाधतें. तिला तर आठवडा न आठवडा दक्ष राहावें लागतें. मधुमेह्याला घरच्या घरीं थेंब टेकवून आंकडा कळतो. या रोग्यांना मात्र अजून बहुतेक ठिकाणीं थेंब वाळवून प्रयोगशाळेकडे धाडावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत काय खावें हें अंदाजानें ठरवावें लागतें. एन्झाइमाच्या पट्टीवर खटपट चालू आहे ती या मधल्या दिवसांसाठीं.

आपल्याकडे या विकाराचें नांव बहुतेकांनीं एकाच ठिकाणीं वाचलेलें असेल, तेंहि नकळत. ॲस्पार्टेम हें कृत्रिम गोड द्रव्य फेनिलॲलॅनीनपासून बनतें. म्हणून साखरेऐवजीं चहांत टाकण्याच्या अशा गोळ्यांच्या डबीवर, फेनिलकीटोनुरियाच्या रोग्यांनीं हें घेऊं नये, अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते.