ज्वालामुखी काचेचे विकाचीभवन

विकाचीभवन म्हणजे ज्वालामुखी काचेचे घन अवस्थेतच स्फटिकी द्रव्यात होणारे रूपांतर होय. लाव्हा झपाट्याने थंड झाल्यास अणूंना नियमित रचना करण्यास वेळ मिळत नाही व काच तयार होते. ही अवस्था कायमची स्थिर नसल्यामुळे अतिप्राचीन खडकांत ताजी काच क्वचितच आढळते. महाराष्ट्राच्या खानदेशातील सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट खडकांचा अभ्यास करताना ही बाब विचारात घ्यावी लागते.

प्रक्रिया

सामान्य तापमानाला काचेतील अणूंची हालचाल अत्यंत मंद असते. उष्णता व पाणी यांमुळे ती वाढते. पाण्यामुळे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्यातील बंध तुटतात. स्फटिकांची वाढ बहुधा भेगा, बुडबुडे किंवा आधीच्या स्फटिकांपासून सुरू होते. सिलिकासमृद्ध काचेत फेल्स्पार व क्रिस्टोबलाइट यांचे तंतू केंद्रापासून सर्व बाजूंना वाढून गोलाकार पुंज बनतात. काळ्या ऑब्सिडियनमधील हिमकणांसारखे पांढरे ठिपके असेच तयार होतात. विकाचीभवन पूर्ण झाल्यावर काचेची चमक जाऊन खडक निस्तेज दिसतो.

खानदेशातील खडक

धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांत लाव्हाच्या थरांना छेदणाऱ्या अनेक भित्ती आहेत. साक्री–धुळे–पारोळा ही भित्ती सुमारे ७९ किमी लांब आहे. भित्तीच्या कडा भोवतालच्या थंड खडकामुळे लवकर निवतात. त्यामुळे तेथे काच किंवा अतिसूक्ष्म कण तयार होतात. मध्यभागातील मोठे कण मात्र वितळलेल्या द्रव्यातूनच सावकाश स्फटिकित झालेले असतात. ते विकाचीभवनाचे फलित नव्हेत.

बेसाल्टी काच पाण्याच्या संपर्कात आल्यास तिचे पिवळसर-तपकिरी पॅलागोनाइट होते व पुढे मृद्‌खनिजे आणि झिओलाइट तयार होतात. या बदलात रासायनिक संघटनही बदलते, म्हणून तो विकाचीभवनापासून वेगळा मानतात.

ओळख व महत्त्व

खडकाचा पातळ छेद ध्रुवण सूक्ष्मदर्शकात परस्परांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमधून पाहिल्यास काच काळी राहते, तर बहुतेक स्फटिक उजळ दिसतात. बदललेल्या काचेतून अर्गॉन निसटू शकतो आणि पोटॅशियमचे प्रमाणही बदलू शकते. त्यामुळे पोटॅशियम–अर्गॉन पद्धतीने काढलेले वय चुकू शकते. म्हणूनच कालमापनासाठी ताजे, न बदललेले नमुने निवडतात.