फुरसुंगीच्या पोराची वाट बघताना

हेडफोन लावलेत? आज एका वाट बघण्याचा इतिहास सांगतो. लाडक्या पुस्तकावर सिनेमा येतोय म्हटलं की आधी आनंद होतो आणि मग दोन मिनिटांत धास्ती वाटते ना, त्याचा.

मी यवतचा. वाट बघणं आम्हाला नवीन नाही. दर आषाढीला तुकोबांच्या पालखीची बघतो. पण तिचा मुक्काम ठरलेला असतो. सिनेमाचं तसं नाही.

यवतहून सोलापूर रोडने पुण्याला निघालात की हडपसरच्या अलीकडे डाव्या अंगाला फुरसुंगी राहतं. आमच्या वयाच्या पोरांना हे गाव दोनच गोष्टींमुळे माहीत. एक कचरा डेपो, दुसरा फास्टर फेणे. डेपो पेपरातून कळला, फेणे मामाच्या पत्र्याच्या पेटीतून.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) म्हणजे ज्यूल व्हर्न मराठीत आणणारा, 'बालमित्र' मासिक चालवणारा माणूस. त्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला आणला आणि वीस पुस्तकं त्याला पळवलं. प्रतापगड काय, काश्मीर काय! पुण्याच्या पोरांना कदाचित त्याची करामत आवडत असेल. मला आवडायचं ते त्याचं गाव. आपल्या रस्त्यावरचं पोरगं पुस्तकात आहे, यातच सगळं आलं.

१९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर त्याची मालिका आली. सुमीत राघवन फेणे झाला होता. मालिका हिंदीत! मामा अजून कुरकुरतो, "फुरसुंगीचं पोरगं हिंदी कशाला बोलंल?" त्यानंतर मराठी सिनेमासाठी तीस वर्षं थांबावं लागलं.

२०१७ मध्ये कळलं की आदित्य सरपोतदारांचा सिनेमा येतोय, फेणे अमेय वाघ. मी इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला भारी, दुसरा म्हणाला वाट लागली. कारण अमेय वाघ शाळकरी दिसणार कसा? म्हणजे फेणेला मोठं केलं. मी दुसऱ्या तटात होतो. माझ्या डोळ्यासमोर मिलिंद बोकीलांची 'शाळा' होती. २००४ ची कादंबरी, २०१२ चा सिनेमा. सुजय डहाकेंनी त्यातली पोरं नववीतच ठेवली, १९७५ सालही तेच ठेवलं. मग फेणेच्याच वाट्याला हे का?

धास्तीचं आणखी एक कारण होतं. लेखक हयात नसला की विचारायचं कोणाला? 'श्यामची आई' पुस्तक १९३५ चं. अत्र्यांचा सिनेमा १९५३ ला आला, पुढे राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवून गेला. पण साने गुरुजी १९५० मध्येच गेले होते. भागवतांनाही जाऊन सोळा वर्षं झाली होती.

२७ ऑक्टोबरला सिनेमा लागला. मामाला घेऊन गेलो. फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि राहतो कुणाकडे? भा. रा. भागवतांकडेच! दिलीप प्रभावळकर भागवत झालेत. मामा खुर्चीत पुढे सरकला. मला वाटतं, लिहिणाऱ्यांनी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन व्हर्जन काढलं, पण मूळ कोड लिहिणाऱ्याला घरातून हाकललं नाही.

आणि गोष्ट परीक्षेतल्या घोटाळ्याची. एन्ट्रन्सच्या क्लासला दोन वर्षं घासलेल्या आम्हा पोरांना ती थेट लागली. मी तट बदलला, कबूल करतो. पण एक खटकतंच. गिरीश कुलकर्णींचा खलनायक, खून, रात्रीचे पाठलाग... हा सिनेमा वीस वर्षांच्या मला मिळाला. पेटीतली पुस्तकं मी वाचली दहाव्या वर्षी. त्या वयाच्या पोराला तो काही देत नाही.

गंमत म्हणजे फुरसुंगी पुणे महापालिकेत गेलं तेही त्याच ऑक्टोबरात. पुढे ते बाहेर पडलं आणि २०२४ मध्ये उरुळी देवाचीसोबत त्याची वेगळी नगरपरिषद झाली.

पेटी आता भाच्याकडे आहे. चौथीत आहे तो. गेल्या सुट्टीत त्याला मोबाइलवर सिनेमा लावून दिला. पंधरा मिनिटांत उठला आणि म्हणाला, "मामा, हा तर दादा आहे. फेणेचा पिक्चर कधी येणारे?"