चित्र, दप्तर आणि दुभाषी

मद्रासच्या समुद्रकिनाऱ्याला लागून असलेल्या तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीचे नाव इंग्रजी अमदानीच्या कागदांत सर्वत्र 'ट्रिप्लिकेन' असे येते. पवित्र कुमुदांचे तळे, असा मूळ तमिळ नावाचा अर्थ. साहेबी उच्चारात तळेही गेले आणि कुमुदेही गेली. एका नावाची ही गत, तर त्या वस्तीत जे बोलले, लिहिले आणि चितारले गेले त्याची सरकारी कागदांत काय गत झाली असेल, हा प्रश्न इतिहासाइतकाच भाषांतराचाही आहे.

पार्थसारथीच्या देवळाभोवतीची ही वस्ती एकेकाळी दक्षिणेतील वृत्तपत्रांचे माहेरघरच होती. येथील साहित्य-सभेत जमणाऱ्या सहा तरुणांनी 20 सप्टेंबर 1878 रोजी 'हिंदू' पत्र काढले. एक रुपया बारा आणे उसने घेऊन पहिल्या अंकाच्या ऐंशी प्रती छापल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या सहांपैकी जी. सुब्रह्मण्य अय्यर यांनी पुढे 1882 साली तमिळ 'स्वदेशमित्रन्' सुरू केले, आणि त्याच पत्रात 1904 च्या अखेरीस सुब्रह्मण्य भारती हा बावीस वर्षांचा कवी उपसंपादक म्हणून दाखल झाला. मितभाषी नेमस्त पत्रात हा फार काळ रमणारा नव्हता. 1906 च्या मे महिन्यात तिरुवल्लिकेणीतील मंडयम् घराण्याच्या पाठबळाने 'इंडिया' हे तमिळ साप्ताहिक निघाले. त्याचा प्राण भारती होता. फ्रेंच राज्यक्रांतीतील स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी त्याने ब्रीदवाक्य म्हणून घेतली, आणि तमिळ पत्रांत तोवर कोणी केले नव्हते असे एक काम केले: राजकीय व्यंगचित्राला अंकात मानाचे स्थान दिले.

तमिळ भाषेत अशा चित्राला दोन शब्द आहेत. एक 'केलिच्चित्तिरम्', म्हणजे थट्टेचे चित्र. दुसरा 'करुत्तुप्पडम्', म्हणजे मत किंवा विचार मांडणारे चित्र. मराठीतील 'व्यंगचित्र' हा शब्द या दोहोंच्या मध्ये कोठे तरी लटकलेला आहे. व्यंग म्हणजे शारीरिक उणेपण, आणि व्यंग्य म्हणजे सूचित अर्थ. उच्चारात एका यकाराचा फरक, पण त्याने सारा दृष्टिकोन बदलतो. मराठी समीक्षेने 'व्यंग'च स्वीकारले आणि चित्रकार माणसाचे नाक किती लांब काढतो याचीच चर्चा केली, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. 'इंडिया'तील चित्रांना मात्र दुसरा तमिळ शब्दच शोभतो. दुष्काळ, स्वदेशी, मवाळांची धरसोड, मोर्ले-मिंटो सुधारणांचे गाजर, हे त्यांचे विषय. चित्रामागची कल्पना भारतीची, हे अभ्यासक मानतात. लेखातील विचार ज्याला वाचता येत नाही त्याला तो दिसावा, एवढ्यासाठी ती कल्पना रेषेत उतरत असे. ज्या समाजात एक माणूस वाचतो आणि दहा माणसे ऐकतात, तेथे ऐकणाऱ्या दहांच्या हातात देण्याजोगी अंकातील एकच गोष्ट म्हणजे चित्र होय.

सरकारला हे उमगले नव्हते असे नाही. किंबहुना सरकारच्या कायद्याला ते फार आधी उमगले होते. दंडसंहितेत 1870 साली घातलेल्या राजद्रोहाच्या 124-अ कलमात बोललेले व लिहिलेले शब्द होतेच, पण त्यांच्या जोडीला खुणा आणि 'दृश्य निरूपण' हेही होते. तमिळ साप्ताहिकात पहिले राजकीय चित्र छापले जाण्याच्या छत्तीस वर्षे अगोदर कायद्याने त्याच्यासाठी कोठडी बांधून ठेवली होती. टीकाकारांनी व्यंगचित्राला वाङ्मयाच्या पंक्तीस बसवायला पुष्कळ वेळ घेतला. दंडसंहितेने ते पहिल्याच झटक्यात केले.

आता दप्तराकडे वळले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रत्येक इलाख्यात देशी वृत्तपत्रांवरील गोपनीय अहवाल छापले जात. सरकारी भाषांतरकाराने देशी भाषांतील पत्रे वाचावी, आक्षेपार्ह किंवा महत्त्वाचा वाटेल तो मजकूर इंग्रजीत उतरवावा, आणि त्याचे साप्ताहिक संकलन वरिष्ठांच्या टेबलावर जावे, अशी ही व्यवस्था. मुंबई इलाख्यात या कामासाठी ओरिएंटल ट्रान्सलेटरची कचेरी होती. आज हे अहवाल इतिहास-संशोधकांचे हमखास हाताशी असणारे साधन आहेत, कारण कित्येक पत्रांचे मूळ अंक नष्ट झाले आणि अहवाल राहिले. ज्या यंत्रणेने पत्रे बंद पाडली तिनेच त्यांचे सारांश जपून ठेवले, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे नवल उरलेले नाही. नवल उरते ते निराळ्या ठिकाणी. लेखाचा सारांश करता येतो, पण चित्राचा कसा करावा? अहवालात चित्र छापण्याची सोय नव्हती. तेव्हा भाषांतरकाराला चित्र शब्दांत सांगावे लागे: अमुक अंकात चित्र आहे, त्यात अमुक माणूस उभा आहे, त्याच्या हातात अमुक आहे, खाली अमुक शब्द आहेत.

ज्याने कधी भाषांतर केले आहे त्याला या कारकुनाची अडचण तत्काळ कळेल. चित्रात डोळा एकदम सगळीकडे जातो आणि हसू आधी येते, अर्थ मागाहून कळतो. वर्णनात हा क्रम नेमका उलटा होतो: आधी अर्थ, मग खुलासा, आणि हसू कोठेच नाही. ज्या चित्रात दोन अर्थ खेळत असतील त्यातला एकच वर्णनकाराला निवडावा लागतो, आणि सरकारी नोकराने कोणता निवडावा हे सांगण्याची गरज नाही. सौम्य अर्थ निवडला आणि उद्या वरिष्ठांच्या ध्यानी तीव्र अर्थ आला, तर नोकरीवर बेतणार. तीव्र अर्थ निवडला तर फार तर संपादकावर बेतेल. या एका भीतीमुळे दप्तरातील प्रत्येक चित्र मुळापेक्षा थोडे अधिक रागीट आणि पुष्कळच कमी विनोदी झालेले असते.

हा केवळ तर्क नव्हे. शब्दांच्या बाबतीत हेच मुंबईच्या हायकोर्टात उघड्यावर घडले. 1908 च्या जुलैमध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांवर खटला चालला तेव्हा त्यांनी आपला बचाव स्वतः केला, आणि त्यातील मोठा भाग सरकारी भाषांतराविरुद्ध होता. भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी केली. मराठीत नवे राजकीय विचार मांडताना शब्द अजून घडत आहेत, आणि त्यांना इंग्रजीत ठरावीक कठोर प्रतिशब्द दिले की लेखकाचा हेतूच पालटतो, हा त्यांचा मुद्दा होता. ज्युरीतील सात युरोपियन आणि दोन पारशी यांच्यापुढे मराठीचे हे बारकावे मांडायचे होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि मंडाले ठरले. टिळकांच्या चरित्रकारांनी या भाषणातील धैर्याचे यथोचित वर्णन केले आहे, पण भाषांतरमीमांसेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून त्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही.

तिरुवल्लिकेणी आणि पुणे यांना जोडणारा दुवा त्याआधी सात महिने सुरतेत पक्का झाला होता. डिसेंबर 1907 च्या काँग्रेसला भारती, चिदंबरम् पिळ्ळै आणि मद्रासची जहाल मंडळी टिळकांच्या बाजूने उभी राहण्यासाठी गेली होती. परत आल्यावर भारतीने या प्रवासावर तमिळमध्ये पुस्तिका लिहिली. सुरतेत काय घडले याचे दोन्ही पक्षांनी आपापले निवेदन प्रसिद्ध केले, आणि दोन्ही वाचून एकाच मंडपात दोन अधिवेशने भरली होती की काय, असे वाटू लागते. इंग्रज वार्ताहर नेव्हिन्सन मात्र हवेतून आलेल्या त्या जोड्याचे वर्णन करायला विसरला नाही: लाल चामड्याचा, चोचदार, मराठी बनावटीचा. निवेदनांच्या पानांपानांतून हरवलेले सुरतेचे खरे रूप या एका वस्तूत सापडते, कारण ती डोळ्यांना दिसते. व्यंगचित्रकाराचा धंदा असल्याच वस्तूंवर चालतो. मुंबईत बरजोरजी नवरोजी यांचा 'हिंदी पंच' हेच काम मवाळांच्या अंगणातून करीत असे. त्यातील चित्रे विलायतेत स्टेडच्या मासिकातही उद्धृत होत. पुण्याचा 'हिंदुपंच' जहालांच्या बाजूने टवाळी करता करता इतका पुढे गेला की 1909 साली खुद्द गोखल्यांना त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा करावा लागला. तेव्हा सुरतेनंतरच्या फुटीचा इतिहास लिहिणाऱ्याने ठराव आणि निवेदने वाचावीत, पण या तीन पत्रांची चित्रे समोर मांडल्यावाचून कोणाला कोणाचा किती राग आला होता हे त्याला कळायचे नाही. रागाचे माप ठरावांत नसते.

1908 हे वर्ष सर्वत्रच सरकारच्या हातचे होते. चिदंबरम् पिळ्ळै यांना जुलैत जन्मठेप झाली, टिळक त्याच महिन्यात गेले, आणि ऑगस्टमध्ये 'इंडिया'चा कागदोपत्री जबाबदार असलेला श्रीनिवासन् पकडला जाऊन त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. भारती फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेला. त्याच्या या जाण्याविषयी तमिळ लेखकांत अजूनही अवघडलेपणा आढळतो: शिक्षा नामधारी माणसाने भोगली आणि लिहिणारा सुटला. या अवघडलेपणाला भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. पत्र ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरीहून पुन्हा निघाले आणि मार्च 1910 पर्यंत चालले, एवढे नोंदविले म्हणजे पुरे. तुरुंगात गेलेल्या माणसाचे नाव मात्र कवीच्या नावाबरोबर घेतले गेले पाहिजे, आणि ते आजवर पुरेसे घेतले गेलेले नाही.

चित्रांची पुढची कथा अशी की ती जवळजवळ शतकभर विखुरलेली राहिली. भारतीच्या कवितांना भाग्य लाभले. मद्रास सरकारने 1949 साली त्याच्या लेखनाचे हक्क विकत घेतले आणि पुढे ते लोकांना खुले केले. रा. अ. पद्मनाभन् यांनी 1957 मध्ये 'चित्र भारती' हे सचित्र चरित्र सिद्ध केले. 'इंडिया'तील व्यंगचित्रे एकत्र, संपादित स्वरूपात वाचकांपुढे आली ती मात्र 1994 साली, आ. इरा. वेंकटाचलपति यांच्या परिश्रमाने. राष्ट्रकवीच्या गाण्यांना स्मारक मिळते आणि त्याच्या वृत्तपत्री थट्टेला रद्दी, हा न्याय केवळ तमिळनाडूपुरता नाही. 'हिंदुपंच'मधील चित्रांचा असा साक्षेपी संग्रह मराठीत कोणी केला असता, तर टिळक-गोखले वादावरील मराठी लेखन इतके गंभीर चेहऱ्याचे झाले नसते.

चित्र आणि दप्तर यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. घटनेच्या कामाची गती गोगलगायीच्या रूपात दाखविणारे, आंबेडकर आणि नेहरू असलेले शंकर यांचे 1949 चे चित्र 2006 पासून अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते. 2012 च्या मे महिन्यात त्यावरून लोकसभेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड झाली. नेहरूंच्या हातातील चाबूक कोणावर उगारलेला आहे, गोगलगायीवर की तिच्यावर बसलेल्या आंबेडकरांवर, या एका प्रश्नावर सारे अडले होते. ज्यांच्या पिढ्यांच्या पाठीवर खरोखरीचे चाबूक उठले त्यांना ते चित्र निव्वळ थट्टा म्हणून पाहता येणार नाही, हे समजण्यासारखे आहे. त्याला अज्ञान म्हणून झटकणारे टीकाकार स्वतःच चित्र अर्धे पाहत होते. पण 1949 च्या वाचकाने त्यात काय पाहिले, हे ठरविण्यासाठी मसुदा समितीचे कामकाज, घटना समितीतील दिरंगाईवरची चर्चा आणि खुद्द आंबेडकरांचे नोव्हेंबर 1949 मधील उत्तर हे सर्व शेजारी ठेवावे लागते. त्या उत्तरात त्यांनी इतर देशांच्या घटनांना लागलेल्या काळाचा आणि आपल्या घटनेवर आलेल्या दुरुस्त्यांचा हिशेबच दिला आहे. चित्राला जणू सभागृहातून दिलेला जबाब! मद्रासच्या भाषांतरकाराने चित्रातील एकच अर्थ निवडला, तसाच 2012 च्या सभागृहानेही एकच निवडला; फरक इतकाच की भाषांतरकाराला निदान चित्राची तारीख लिहावी लागत होती.

दप्तराबाहेरही दप्तर असते. मंडयम् घराण्यातील एम. पी. टी. आचार्य हा तरुण 'इंडिया'च्या छपाईशी संबंधित होता. पाँडिचेरीहून तो युरोपात गेला, लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या सहवासात राहिला, 1920 मध्ये ताश्कंदला स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत होता आणि नंतर त्या पक्षाशीही फारकत घेऊन अराज्यवादी बनला. इंग्रजी गुप्तचर खात्याच्या कागदांत त्याच्या हालचालींच्या नोंदी आहेत: कोठून निघाला, कोठे उतरला, कोणास भेटला. भारतीबरोबर काम केलेल्या दिवसांविषयी त्याला स्वतःला काय वाटत होते ते मात्र त्या नोंदींत नाही. ते त्याने 1937 साली आठवणींच्या रूपाने लिहिले, आणि ते छापून आले पुण्याच्या 'मराठा' पत्रात, टिळकांनी काढलेल्या इंग्रजी साप्ताहिकात. तिरुवल्लिकेणीच्या छापखान्याची साक्ष अशी नारायण पेठेत नोंदली गेली. आचार्य अखेरची वर्षे मुंबईत राहिला आणि 1954 साली तेथेच वारला.

भारतीने अखेर तिरुवल्लिकेणीतच घर केले. 1918 मध्ये ब्रिटिश हद्दीत पाऊल टाकताच त्याला कडलूरजवळ अटक झाली होती. सुटकेनंतर तो पुन्हा 'स्वदेशमित्रन्'मध्ये, म्हणजे जेथून निघाला तेथेच, परत आला. 1921 च्या सप्टेंबरात तुळसिंगपेरुमाळ कोविल रस्त्यावरील घरी तो वारला. आज ते घर सरकारी स्मारक आहे. तेथून थोड्या पावलांवर समुद्र लागतो. 1907 मध्ये बिपिनचंद्र पालांची व्याख्याने त्या वाळूत झाली, आणि किनाऱ्याच्या त्या भागाला लोक टिळकांच्या नावाने ओळखू लागले. हे नाव कोणत्याही साहेबाने ठेवले नव्हते.